जुन्या मोटारींचा काफिला आणि आधी करावयाचा हिशोब

धंद्यात भागीदारी करताना आपण कागद करतो, दोन साक्षीदार घेतो. सफरीला मात्र दोस्तीच्या भरवशावर निघतो. जुन्या मोटारी घेऊन चार-पाच जणांनी आठवडाभर फिरायचे म्हणजे तीही एक भागीदारीच आहे, हे आम्हाला जानेवारी २०२३ मध्ये धुळे-जळगाव रस्त्यावर पारोळ्याजवळ भर उन्हात उभे राहून समजले.

तेव्हा आम्ही भिवंडीहून पाच गाड्या काढल्या होत्या. चार प्रीमियर पद्मिनी आणि एक ॲम्बेसेडर. इरादा असा की मालेगाव आणि बऱ्हाणपूरच्या बाजारात ग्रे कापडाच्या व्यापाऱ्यांना भेटायचे, येताना अजिंठ्यावरून औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, पाहून परतायचे. काम आणि हौस दोन्ही. पारोळ्याच्या अलीकडे ॲम्बेसेडरचा वॉटर पंप गेला. टोचन करून गाडी जळगावला नेली, त्याचे ६,००० रुपये झाले. पाच खोल्यांचा एक जादा मुक्काम ९,०००, पंप व मजुरी ३,५००. एकूण १८,५०० रुपये. हे कोणी द्यायचे?

गाडीचे मालक म्हणाले, खर्च सर्वांचा, कारण गाडी मोठी आहे म्हणून तुम्हीच मला आणायला सांगितलेत. इतर म्हणाले, ज्याची गाडी त्याचा खर्च. दोन्ही बाजूंना काही ना काही खरे होते आणि कागद कोणाकडेच नव्हता. शेवटी त्यांनी सगळी रक्कम लॉजच्या टेबलावर ठेवली आणि सकाळी एकटे माघारी गेले. बऱ्हाणपूरच्या भेटी तर बुडाल्याच. पण ते आमचे बावीस वर्षांचे गिऱ्हाईक होते. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी आमच्या पेढीवरून एक ताकासुद्धा उचलला नाही.

म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा त्याच वाटेने जायचे ठरले तेव्हा आम्ही आधी कागद केला, नकाशा नंतर उघडला.

कागद एकाच पानाचा होता. सुटा भाग आणि मिस्त्रीची मजुरी मालकाची. टोचन आणि त्यामुळे पडणारा जादा मुक्काम सर्वांचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडी चालू झाली नाही तर ती ट्रकवर घालून घरी पाठवायची, बाकीच्यांनी पुढे जायचे आणि तिच्यातील माणसे इतर गाड्यांत बसवायची. यासाठी प्रत्येक गाडीत एक जागा निघतानाच रिकामी ठेवायची. प्रत्येक गाडीमागे २०,००० रुपये आगाऊ जमा, म्हणजे पाच गाड्यांचे एक लाख. पैसे एकाच्या हाती, वही दुसऱ्याच्या हाती. ही शेवटची बाब काहींना अविश्वासाची वाटली. आम्ही त्यांना विचारले की तुमच्या दुकानात गल्ला आणि खातेवही एकच माणूस सांभाळतो काय?

आता गाड्यांचे. पद्मिनी ही कुर्ल्यात बनणारी फियाट, १०८९ सी.सी. इंजिनाची. ॲम्बेसेडर बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनत असे, ती २०१४ मध्ये बंद पडली. पद्मिनी त्याच्या कितीतरी आधी. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या. टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग कोपऱ्यावर मिळत. आता ओळखीचे दुकानदार म्हणतात, दोन दिवस थांबा, शोधतो. सफरीत दोन दिवस कोण थांबणार? म्हणून प्लाटिन, कंडेन्सर, फॅन बेल्ट, क्लच वायर, रेडिएटरचे होज पाईप, व्हील सिलिंडरचे वॉशर किट आणि भरलेला एसी पंप, इतके सामान प्रत्येक जातीच्या गाडीसाठी बरोबरच हवे.

एसी पंप दोनदा लिहून घ्यावा असा आमचा तजुर्बा आहे. हा पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. घाट चढताना तो तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी जागीच थांबते. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके ठेवत. आम्ही कापडवाले, फडक्यांना तोटा नाही! कसारा घाटात दोन गाड्या अशाच वर काढल्या. दुसरा मुद्दा पेट्रोलचा. २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आहे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पंपातील पडदा त्या काळच्या पेट्रोलसाठी बनवलेला. इथेनॉलने तो फुगतो, नळी मऊ पडून झिरपू लागते. तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोल झिरपणे म्हणजे आगीला आमंत्रण. नळ्या निघण्यापूर्वी बदलाव्यात, दोनशे-चारशे रुपयांकडे पाहू नये.

टायरची नक्षी पाहून फसू नये. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १८११ असेल तर तो टायर २०११ सालच्या अठराव्या आठवड्यातला. आमच्या एका सोबत्याच्या गाडीचे चारही टायर असेच निघाले. गाडी उभीच असायची, त्यामुळे नक्षी नव्यासारखी, रबर मात्र तडकलेले. चार टायरांचा खर्च ऐकून ते दोन दिवस बोलले नाहीत, पण टायर घातले.

कागदपत्रांत एक जण चांगलेच अडकले. त्यांच्याकडे १९७२ ची फियाट डिलाईट आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. त्यांनी हौसेने २०,००० रुपये भरून 'व्हीए' अक्षरांचा नंबर घेतला. नियम मात्र वाचला नाही. अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, संशोधन आणि पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. आमचा दौरा बाजाराचा, त्याला रॅली कसे म्हणणार? ते मुलाची नवी गाडी घेऊन आले आणि तीच आमची सामानाची गाडी झाली. मिस्त्री आणि दोऱ्या तिच्यातच. खरे तर अशी एक नवी गाडी मुद्दाम न्यावी. बाकीच्यांनी नूतनीकरण केलेली नोंदणी, विमा, पीयूसी, फास्टॅग आणि नवी नंबरप्लेट तपासावी. ही प्लेट १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही लावावी लागते. विमा बहुधा फक्त तिसऱ्या पक्षाचा असतो, त्यात आपल्या गाडीचे नुकसान मिळत नाही.

दिवसाचा पल्ला नव्या गाडीच्या हिशोबाने धरू नये. थांबे धरून आमचा वेग ताशी ३५ किलोमीटर पडला. म्हणजे २४० किलोमीटरला सात तास. फजरनंतर निघायचे आणि असरच्या सुमारास मुक्कामी पोहोचायचे, असा नेम केला. जुन्या दिव्यांच्या भरवशावर अंधारात चालवू नये. भिवंडी ते मालेगाव एक दिवस, मालेगाव ते जळगावमार्गे बऱ्हाणपूर दुसरा. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा भेटीचा वार पाहून निघावे. बऱ्हाणपुरात एक दिवस जास्त ठेवावा. मुमताज महल १६३१ मध्ये जिथे वारली तो किल्ला आणि जमिनीखालून पाणी आणणारा कुंडी भंडारा पाहिल्याशिवाय परतणे बरे नव्हे.

रस्त्यात सर्वांत अशक्त गाडी दुसऱ्या नंबरावर ठेवली, सामानाची शेवटी. आरशात मागची गाडी दिसेनाशी झाली की थांबायचे, फोन करीत बसायचे नाही. घाट ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचा, कारण चारही चाकांना ड्रम ब्रेक. तापले की पाय दाबूनही गाडी ऐकत नाही.

परतताना तरुण मंडळींनी समृद्धी महामार्गाचा आग्रह धरला. जून २०२५ मध्ये तो थेट भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत खुला झाला आहे, घराच्या दाराशीच म्हणा. पण १२० च्या मर्यादेच्या रस्त्यावर ५५ ने चालणारी गाडी मागच्या ट्रकला अचानक समोर आलेली भिंत वाटते. मशविरा झाला, मते मोजली, तीन विरुद्ध दोन. जुन्या रस्त्याने नाशिकला एक मुक्काम करून आलो. वाटेत एक क्लच वायर तुटली, पाऊण तासात बदलली.

भिवंडीत त्याच रात्री वही उघडली. खर्च ८४,३००, शिल्लक १५,७००, प्रत्येकाला ३,१४० रुपये परत.

आता २०२३ चे राहिले. नवा कागद लिहिताना आमच्या लक्षात आले की त्या नियमाने जळगावचे १५,००० रुपये पाच जणांचे होते, माणशी ३,०००. ॲम्बेसेडरवाल्यांच्या वाट्याला पंप धरून ६,५०० येत होते आणि त्यांनी दिले होते १८,५००. निघण्यापूर्वीच आम्ही चौघांनी १२,००० जमा करून कागदाच्या नकलेसह त्यांच्या दुकानी पाठवले. ते या वेळी आले नाहीत. पैसे मात्र ठेवून घेतले आणि रीतसर पावती दिली. पावतीच्या मागे पेन्सिलने लिहिले होते की पंप नवा बसवला आहे, पुढच्या डिसेंबरात जागा आहे काय?