ज्ञानाची पारख

नीरेच्या खोऱ्यांतील निरवांगीसारख्या गांवीं पूर्वीं शेतकऱ्याचें कांहीं अडलें, म्हणजे तो जाणत्या माणसाकडे जाई. सल्ला देणारा कोण, त्याची स्वतःची शेती कशी आहे, हें साऱ्या गांवास ठाऊक असे. आज तोच प्रश्न घरांतील शाळकरी मूल मोबाइलवर विचारतें आणि क्षणार्धांत दहा उत्तरें वडिलांस वाचून दाखवितें. उत्तरें मिळालीं खरीं. पण सल्ला देणारा कोण, हें मात्र दिसेनासें झालें. तेव्हां आंतरजालावरील कोणत्या मजकुरावर विश्वास ठेवावा, याचा आज आपण विचार करूं.

विश्वासार्ह ज्ञान कसें सिद्ध होतें, याचें उत्तम उदाहरण आपल्याच भाषेंत आहे. महाराष्ट्र राज्य १९६० सालीं स्थापन झालें आणि त्याच वर्षीं साहित्य संस्कृति मंडळ निघालें. त्याचे अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखालीं कृष्णाकांठच्या वाई येथें मराठी विश्वकोशाचें काम सुरू झालें. पहिला खंड मात्र १९७६ सालीं बाहेर पडला. एवढा विलंब कां? विषय निवडावयाचे, प्रत्येकासाठीं जाणकार लेखक शोधावयाचा, आलेलें लिखाण दुसऱ्या जाणत्याकडून तपासून घ्यावयाचें आणि मगच छापावयाचें, अशी ती रीत होती. नोंदीखालीं लेखकाचें नांव येई. म्हणजे चुकीचा जबाबदारही ठरलेला असे. पुढें हा कोश संकेतस्थळावर आला. नव्या नोंदींसाठीं विषयवार ज्ञानमंडळें नेमण्यांत आलीं. तेथें लेखकाबरोबर समीक्षकाचेंही नांव वाचावयास मिळतें.

मराठी विकिपीडियाची रीत निराळी. २००३ सालीं सुरू झालेल्या या कोशांत कोणीही लिहूं शकतो. मग भरंवसा कशाचा? तेथें विधानास आधार देण्याचा नियम आहे, आणि कोणता फेरफार केव्हां झाला, याची नोंद प्रत्येक लेखाच्या इतिहासांत राहते. ज्या लेखास आधार नाहीं, तो ऐकीव गोष्टीइतकाच समजावा.

लेखक मोठा असला, तरी लेखाचा काळ पाहावा लागतो. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं सुमारें शंभर वर्षांपूर्वीं सिद्ध केलेला २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश आजही आदरणीय आहे. परंतु प्लूटोचा शोध १९३० सालीं लागला. तो त्यांत कसा सांपडेल? पुढें २००६ सालीं खगोलशास्त्रज्ञांनीं प्लूटोस ग्रहांच्या यादींतून वगळलें; त्यापूर्वींच्या पुस्तकांत तो नववा ग्रह म्हणूनच भेटतो. लेखक अप्रामाणिक नव्हते; ज्ञान पुढें गेलें.

आतां घरचेंच उदाहरण घेऊं. इंदापूर तालुक्यांत डाळिंबाच्या बागा पुष्कळ आहेत. समजा, फळांवर तेलकट डाग दिसूं लागले आणि मुलानें मोबाइलवर उपाय शोधला. एका पानावर खात्रीचें म्हणून केवळ बुरशीचें औषध सांगितलें आहे. लेखकाचें नांव नाहीं, पण औषध मागविण्याची सोय मात्र आहे. तेल्या हा रोग जिवाणूंमुळें होतो, बुरशीमुळें नव्हे. फवारणीचा पैसा जाईल, आणि तोंवर रोग साऱ्या बागेंत पसरेल. उलट सोलापूरचें राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र किंवा बारामतीचें कृषि विज्ञान केंद्र यांचा सल्ला नांवानिशीं मिळतो, आणि शंका आल्यास पुन्हां विचारतां येतें.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, वाचतांना चार प्रश्न विचारा. लिहिणारा कोण? तपासलें कोणीं? आधार कोणता व केव्हांचा? आणि हें मी खरें मानल्यानें लाभ कोणाचा? उत्तर मिळालें नाहीं, तर तो मजकूर दुसऱ्यास पाठवूं नका.

पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलानें कांहीं वाचून दाखविलें, तर "हें कोणीं लिहिलें?" एवढें अवश्य विचारावें. मुलास उत्तर ठाऊक नसेल, तर रागावूं नये. दोघांनीं मिळून शोधावें. आपल्या शब्दावर वडील बागेचा निर्णय घेणार आहेत, ही जाणीव ज्या मुलास झाली, तें मूल दुसऱ्या खेपेस सावधपणें वाचील.