सेंट किल्डाचीं पत्रें

पत्रलेखनाचा तास आला म्हणजे बरेच विद्यार्थी आमच्याकडे तक्रार करितात कीं, काय लिहावें तें सुचत नाहीं. त्यांच्याकरितां, आणि परगांवीं शिकणाऱ्या मुलांच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आईबापांकरितांहि, एका लहान बेटावरील पत्रांची हकीगत आम्ही येथें देत आहों.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस हेब्रिडीज बेटें आहेत. त्यांच्याहि पलीकडे सुमारें ४० मैलांवर, भर समुद्रांत, सेंट किल्डा हा बेटांचा पुंजका आहे. त्यांतील हिर्टा बेटावर गेलिक भाषा बोलणारीं शंभराहून कमी माणसें राहत. कड्यांवरील समुद्रपक्षी पकडणें, मेंढ्या राखणें व थोडें धान्य पिकविणें, हीच त्यांची उपजीविका. उन्हाळ्यांत एखादें जहाज येई. हिवाळ्यांत मात्र जगाशीं संबंध तुटे.

१८७६ सालीं जॉन सँड्स नांवाचे वृत्तपत्रलेखक तेथें गेले व परतीचें साधन न मिळाल्यामुळें हिवाळ्यांत अडकून पडले. १८७७ च्या जानेवारींत एक ऑस्ट्रियन जहाज फुटलें व त्यांतील ९ खलाशी किनाऱ्यास लागले. बेटकऱ्यांनीं आपल्या घासांतला घास त्यांस दिला. पण सांठा किती दिवस पुरणार? तेव्हां सँड्स यांनीं बाटलींत पत्र घालून ती त्या जहाजाच्या तरंगत्या कड्यास बांधली व समुद्रांत सोडली. सुमारें ९ दिवसांनीं ती ऑर्कनी बेटांत सांपडली, आणि फेब्रुवारींतच ‘जॅकल’ ही सरकारी आगबोट मदतीस आली.

बेटकऱ्यांनीं ही युक्ति उचलली. लांकडाचा तुकडा होडीसारखा तासून ते पोकळ करीत. आंत पत्र व टपालहंशिलापुरता पैसा ठेवून वर झांकण ठोकीत, आणि तरंगत राहावें म्हणून मेंढीचा फुगविलेला फुगा त्यास बांधीत. वारा वायव्येकडून वाहूं लागला कीं ती ‘टपालहोडी’ पाण्यांत सोडीत. जो कोणी ती उचलील त्यानें पत्र टपालांत टाकावें, एवढाच भरंवसा!

१८८५ च्या सप्टेंबरांत मोठें वादळ होऊन बेटावरील पीक नासलें. तेव्हां तेथील शाळेंतल्या एका विद्यार्थ्यानें आपल्या पूर्वीच्या शिक्षकांस पत्र लिहिलें. ते त्या वेळीं लुइस बेटावर होते. मुलाची घरची भाषा गेलिक. पत्र लिहिलें शाळेंत शिकलेल्या इंग्रजींत. भाषा अडखळती होती, पण वादळ झालें, धान्य गेलें, मदत हवी, हें त्यांत स्पष्ट होतें. पत्र लुइसच्या किनाऱ्यास लागलें, वृत्तपत्रांपर्यंत बातमी पोंचली व बेटाकडे धान्य रवाना झालें. तें पत्र पुढें छापलें गेलें, म्हणूनच आज तें आपणांस वाचावयास मिळतें.

२९ ऑगस्ट १९३० रोजीं उरलेल्या ३६ रहिवाशांनीं बेट सोडलें. तेंहि त्यांनीं स्वतः सरकारास केलेल्या लेखी विनंतीवरून. तेथें त्यांचीं घरें ओस पडलीं; त्यांचीं पत्रें मात्र अद्याप बोलतात.

आमच्या वसतिगृहांतील एका मुलानें अंगांत ताप असतांहि घरीं “मी खुशाल आहें” एवढेंच लिहिलें होतें. आईबापांस खरें कळलें तें आठवड्यानंतर. विद्यार्थिमित्रांनो, अलंकार न साधले तरी चालेल. परंतु काय झालें, आपली स्थिति कशी आहे व काय हवें, हें खरेंखरें लिहा. तुमच्या पत्रास समुद्र ओलांडावयाचा नाहीं. मग तें लिहिण्यास उशीर कां?