मांडवीकाठची पंगत आणि कॅमेऱ्याचा डोळा

रायबंदरच्या धक्क्यावरून निघालेली फेरीबोट मांडवी ओलांडून चोडण बेटास लागते. या बेटाच्या पश्चिम टोकास कांदळवनाची हिरवी भिंत उभी आहे. तेच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. १९८८ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर आहे; परंतु ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा तेथील चिखल म्हणजे पक्ष्यांची मोठी पंगतच होय. या पंगतीचे छायाचित्र व चलच्चित्र कसे घ्यावे आणि ते घेताना कोणती मर्यादा पाळावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम वेळेचा विचार करू. चिखलात चरणारे पक्षी आपल्या घड्याळाप्रमाणे जेवत नाहीत. त्यांचे घड्याळ भरती-ओहोटीचे. मांडवीच्या मुखाजवळ दिवसातून साधारणतः दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते आणि प्रत्येकीची वेळ दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. चिखल पाण्याखाली गेला की तुतवारासारखे पक्षी उंचवट्यावर जाऊन विसावतात. पाणी उतरू लागले की पुन्हा कामास लागतात. म्हणून कॅमेरा हाती घेण्यापूर्वी भरतीचे कोष्टक हाती घ्यावे. सूर्योदयाच्या सुमारास पाणी उतरत असेल असा दिवस निवडला, तर तिरपा कोवळा प्रकाश आणि जेवणारे पक्षी, असा दुहेरी लाभ होतो.

दुसरी तयारी निरीक्षणाची. एकाच नदीवर प्रत्येकाची जेवण्याची रीत निराळी. लहान बगळा उथळ पाण्यात आपल्या पिवळ्या पावलांनी तळ ढवळतो आणि बिथरून निघालेला मासा अचूक टिपतो. पाण्यातील वस्तू प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे असते त्याहून वर दिसते, हे तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकला आहात. बगळा ही चूक सुधारूनच चोच मारतो! कवड्या धीवर पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत तरंगतो व मग सरळ खाली झेपावतो. पाणकावळा बुडी मारून माशाचा पाठलाग करतो आणि नंतर खुंटावर बसून ओले पंख वाळवितो. तुतवार चिखलात चोच खुपसून किडे शोधतो. ज्याला ही रीत ठाऊक आहे, त्याला पुढचा क्षण आधी कळतो. धीवर हवेत स्थिर झाला की झेप जवळ आली, हे ओळखून त्याने कॅमेरा सज्ज ठेवावा.

आता कॅमेऱ्याकडे वळू. चोच मारण्याची क्रिया डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते. ती स्थिर टिपावयाची असल्यास पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका, किंबहुना त्याहूनही कमी वेळ उघडावा. पांढरा बगळा नवशिक्यास हमखास फसवितो. प्रकाशमापक आजूबाजूच्या काळसर पाण्यावर विसंबून अधिक प्रकाश आत घेतो आणि बगळ्याच्या नाजूक पिसांचा नुसता पांढरा डाग उमटतो. म्हणून प्रकाश थोडा कमी करावा. कॅमेरा शक्यतो पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर धरावा. चलच्चित्रात गती संथ करता येते. एका सेकंदात १२० चित्रे घेऊन ती सेकंदाला २४ या वेगाने दाखविली, की तीच क्रिया पाचपट सावकाश दिसते आणि डोळ्याला न दिसलेली झेप मनाला समजते.

या विद्येचा आरंभही उद्बोधक आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे याने १८८२ साली एका सेकंदात १२ चित्रे घेणारी बंदुकीच्या आकाराची छायाचित्रणयंत्रणा तयार केली. नेम धरून चाप ओढावयाचा, पण पक्षी मात्र उडतच राहावयाचा! इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन हे बंधू तर पोकळ बैलाच्या आत दडून पक्ष्यांची चित्रे घेत. आपल्यापासून पक्ष्याला भय वाटू नये, हीच त्यामागील दृष्टी होती.

ही दृष्टी मला मात्र चूक करूनच आली. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी विद्यार्थ्यांची लहान तुकडी घेऊन होडीतून गेलो होतो. समोर तुतवारांचा थवा चरत होता. चित्र आणखी मोठे यावे या लोभाने मी नावाड्यास होडी पुढे घ्यावयास सांगितले. तो म्हणाला, “मास्तर, भरल्या पानावरून कोणाला उठवू नये.” मी ऐकले नाही. होडी वल्ह्याच्या दोन हातांनी पुढे सरकली आणि सारा थवा उठला. दोनतीन घिरट्या घालून तो पैलतीरी निघून गेला. लवकरच पाणी चढू लागले व चिखल झाकला गेला. त्या ओहोटीचे त्यांचे जेवण माझ्यामुळे अर्ध्यावर राहिले. हजारो मैलांचा प्रवास करून येणाऱ्या या पाहुण्यांना परतीच्या वाटेसाठी अंगात चरबी साठवावी लागते. उडविलेल्या प्रत्येक थव्याची ती शिदोरी आपण कमी करतो. माझ्या चित्रात उमटल्या होत्या केवळ पाठमोऱ्या शेपट्या!

म्हणून काही नियम ध्यानी ठेवावेत. पक्ष्याने खाणे थांबवून मान ताठ केली, की आपण तेथेच थांबावे व हळूच मागे सरावे. उडतानाचे चित्र हवे म्हणून खडा मारू नये, जवळ यावा म्हणून आमिष टाकू नये, डोक्यावर ड्रोन नेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात छायाचित्रणास परवानगी लागते, ती आधी घ्यावी. कॅमेरा नसेल तरी खंत नको. वही, पेन्सिल आणि निवांत डोळे यांनीही पुष्कळ साधते.

उत्तम चित्राची कसोटी मी आता वेगळीच मानतो. आपण परत निघालो तेव्हा पक्षी जेवत होता काय? होता, तर चित्र साधले. नव्हता, तर ते कितीही सुंदर असो, त्याची किंमत दुसऱ्याने उपाशी राहून चुकविली आहे.