उन्हात मशीनचा आकडा वाचताना



14 एप्रिलला विहारासमोर मांडव पडतो, त्यात आरोग्य शिबिरही लागते, आणि तपासणीचे टेबल हमखास उन्हाच्या तिरिपीत येते. आपल्या राजूरकडे, भंडारदऱ्याच्या बाजूला, आषाढात सूर्याचे तोंड दिसत नाही. चैत्रात मात्र सकाळी अकरालाच डोळे दिपतात. अशा वेळी बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या मशीनवरचे लाल आकडे फिके पडतात, आणि मग "अठ्ठ्याण्णव असेल" असे अंदाजाने लिहिले जाते. हे 'असेल' फार महागात पडते.

कोरोनाच्या काळात 15 सप्टेंबर 2020 पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक हेच मशीन घेऊन दारोदार फिरले. तपासणी व्हायची ती ओट्यावर, अंगणात. आकडा 95 च्या खाली आला की माणसाला पुढे पाठवायचे. म्हणजे एका आकड्यावर घरी राहायचे की दवाखाना गाठायचा, हे ठरत होते. ती मशीने आजही अनेक घरांत आहेत.

आकडा फिका का पडतो? त्यातले एलईडीचे दिवे तेवढेच जळत असतात. पण भर उन्हाचा उजेड साधारण 1 लाख लक्स, आणि घरातला काहीशे. काचेवरून परत येणारे ऊन त्या बारीक दिव्यांना झाकून टाकते. म्हणून पहिला उपाय बिनपैशाचा: माणसाला सावलीत घ्या. घरात, झाडाखाली, नाहीतर छत्री धरा. तेही नसेल तर सूर्याकडे पाठ करून आपल्या अंगाची सावली मशीनवर पाडा आणि वरून हाताचा आडोसा करा. उन्हातून आत आल्यावर डोळ्यांनाही मिनिटभर सवड द्या.

शिबिरासाठी आणखी एक युक्ती आहे. आकडे लाल असतील तर जयंतीच्या सजावटीतला लाल जिलेटिन कागद आकड्यांच्या काचेवर एकपदरी धरा. बाहेरचे ऊन त्या कागदातून आत जाताना आणि परत येताना असे दोनदा गाळले जाते, आकड्याचा लाल उजेड मात्र एकदाच आणि जवळजवळ तसाच बाहेर येतो. आकडा उठून दिसतो. निळ्या-पांढऱ्या आकड्यांना हा कागद उपयोगाचा नाही. काही मशीनचे बटण दाबून धरले की उजेड वाढतो, तेही करून पाहा. सेल उतरले असतील तर आधी ते बदला.

बीपीच्या मशीनचे राखाडी पडद्यावरचे काळे आकडे उन्हात उलट चांगले दिसतात, पण ते मशीन उन्हात ठेवून देऊ नका. तापले की पडदा काळा पडतो.

आता सर्वात फसवी गोष्ट. हे आकडे सात रेघांचे असतात. एक रेघ दिसली नाही की 8 चा 0, 6 किंवा 9 होतो. आणि समोर बसून मशीन उलट्या बाजूने वाचले तर 98 चे 86 होते! नाडीचे 68 असतील तर 89 दिसतात. घरात रडारड व्हायला एवढे पुरे. म्हणून 'एसपीओटू' ही अक्षरे सुलटी दिसतील असे बसा, मगच आकडा वाचा.

दिसले म्हणजे खरे, असेही नाही. हे मशीन बोटातून लाल आणि न दिसणारा असा दोन प्रकारचा प्रकाश सोडून पलीकडे किती पोहोचतो ते मोजते. तिथे ऊन शिरले तर हिशेब बिघडतो. बोट मशीनसकट पदराने झाका. नखपॉलिश पुसा, गार बोटे चोळून गरम करा, हात स्थिर ठेवा, आकडा एका जागी थांबेपर्यंत मिनिटभर वाट पाहा.

आपल्या माणसांसाठी महत्त्वाचे: डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवले, की रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असूनही मशीनवर ठीक दिसण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट होते. काळ्या कातडीचा विचार मशीन बनवणाऱ्यांनी पुरेसा केलाच नव्हता. आपल्यात सावळी-काळी माणसेच जास्त, हे विसरू नका. ऐकीव गोष्ट तपासून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. मशीनचे सांगणेही तसेच तपासावे.

तपासायचे कसे? माणसाकडे बघून. बोलताना दम लागतो का, ओठ-नखे निळसर झाली का, छातीत दुखते का, गुंगी येते का. यातले काही असेल तर मशीनवर 97 असले तरी थांबू नका, 108 ला फोन करा. त्रास काही नाही, पण सावलीत दोनदा नीट मोजूनही 95 च्या खालीच येते, तर त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. कागदावर आकडा, वेळ आणि 'सावलीत मोजले' एवढे लिहून न्या. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.