सेंड-ऑफचे फोटो आणि अकरावीची त्रिकोणमिती

सेंड-ऑफ महिन्यावर आलाय. त्या रात्रीचा फोटो दुसऱ्या दिवशी पुन्हा काढता येत नाही. सकाळी निम्मी मंडळी एसटी स्टँडवर असतात. आणि दरवर्षी रड तीच: कान स्पष्ट, डोळे पुसट, चेहरा पांढराफटक. कॅमेरा भारी नव्हता म्हणून असं झालं, हे मला अजिबात पटत नाही.

आधी फोकस. जुन्या क्रॉप सेन्सर डीएसएलआरला ५० मिमीची लेन्स लावून एफ १.८ वर, १ मीटरवरून फोटो काढला तर जेमतेम अडीच सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. नाकाचा शेंडा ते कान हे अंतर त्याच्या कितीतरी पट! म्हणून फोकस जवळच्या डोळ्यावरच हवा. बरेच जण मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस लॉक करतात आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम जुळवतात. घोळ इथेच होतो. कॅमेरा १० अंश वळला की फोकसचं प्रतल डोळ्याच्या मागे सरकतं. किती? १ वजा कॉस १०, म्हणजे मीटरमागे दीड सेंटिमीटर. अडीचातले साधारण निम्मे पुढे, निम्मे मागे. म्हणजे डोळा गेला बाहेर. त्यापेक्षा डोळ्याजवळचा फोकस पॉइंट निवडा, दीड मीटरवर उभे राहा, एफ ४ ठेवा. तेरा-चौदा सेंटिमीटर मिळतात. (डोळा आपोआप पकडणारा मिररलेस ज्यांच्याकडे आहे त्या भाग्यवंतांनी हे सोडून द्यावं.) अंधारात लेन्स नुसतीच पुढेमागे फिरत राहिली तर कुणाला तरी मोबाइलचा टॉर्च चेहऱ्यावर धरायला सांगा.

आता फ्लॅश. अंतर दुप्पट, प्रकाश पाव. गाइड नंबर २८ म्हणजे आयएसओ १०० ला साडेतीन मीटरवर एफ ८, सात मीटरवर एफ ४, साधा भागाकार. ऑटो फ्लॅश हे स्वतः करतो, पण समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून. सेंड-ऑफला सगळे काळ्या ब्लेझरमध्ये! फ्लॅश जास्त प्रकाश फेकतो आणि चेहरा जळतो. फ्लॅश कॉम्पेन्सेशन उणे १ करून बघा; पांढऱ्या शर्टाला उलट, थोडं अधिक.

मागचा कॉरिडॉर काळा आला तर शटर १/२०० वरून १/६० वर आणा. फ्लॅशचा प्रकाश तेवढाच राहतो, ट्यूबलाइटचा वाढतो. शक्य असेल तर फ्लॅश छताकडे वळवा आणि आयएसओ ८०० पर्यंत न्या, रेड-आयही टळतो. मात्र भिंतीकडे नको. आपल्या पोपटी डिस्टेंपरवरून उसळलेला प्रकाश चेहऱ्यावर पडला की माणूस आजारी दिसतो.

आणि समोरचा उठून जायच्या आत स्क्रीनवर डोळा मोठा करून बघा. पापण्या मोजता येत नसतील तर त्याला परत बसवा, कितीही कुरकुर केली तरी.