लिलीचे पंजे

संध्याकाळचा मासळीचा लिलाव उठला की बंदरावरची कुत्री गावात शिरतात. हर्ण्यात हे रोजचंच. दिवाळीनंतरच्या अशाच एका संध्याकाळी दोन कुत्री आमच्या आगरात आली आणि लिली माडाकडे पळाली. आमच्याकडचं कुठलंही मांजर अशा वेळी डोळ्याचं पातं लवायच्या आत माडावर असतं. लिलीनेही उडी घेतली, पुढचे दोन्ही पंजे खोडाला लावले आणि ती तशीच खाली घसरली. पुन्हा उडी, पुन्हा खाली. मी खराटा घेऊन धावले म्हणून ती वाचली, पण तिच्या मांडीला दात लागलेच होते. लसीचे डोस, जखमेची मलमपट्टी, सगळं करावं लागलं.

लिली माझ्या भाच्याची. तो अमेरिकेत असताना त्याने तिला तिथल्या निवारा केंद्रातून घेतलं होतं आणि परत येताना सगळे कागद करून पुण्याला आणलं. तिच्या पुढच्या पंजांची नखं आधीच्या मालकाने काढून टाकलेली होती. पुण्यात ती गादीवर, बाळाच्या दुपट्यावर शू करायला लागली. घरात रांगतं मूल. भाच्याचा फोन आला, "मावशी, तुझ्याकडे मोकळी जागा आहे. हिला नेशील का? नखं नाहीत तिला, ओरबाडायची तर भीतीच नाही." मी जन्मभर मांजरं पाळली आहेत. हो म्हटलं. ओरबाडणार नाही, हे मलाही सोयीचं वाटलं होतं. गादीवर शू का करते, हे मात्र मी विचारलं नाही. ती पहिली चूक.

दुसरी चूक वाळूची. समुद्र दारात, मग वाळूला काय तोटा, म्हणून मी किनाऱ्यावरची घमेलंभर वाळू आणून पडवीत ठेवली. लिली त्यात उतरली, एक पंजा उचलून झटकला, मग दुसरा झटकला आणि बाहेर येऊन थेट माझ्या गोधडीवर बसली. आठवडाभर हेच. मी रागावले. दोनदा तिला उचलून जबरदस्तीने घमेल्यात ठेवलं आणि दुसऱ्या वेळी तिने माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. साबण लावून पंधरा मिनिटं हात धुतला, मग आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शनं घेतली. घरात सगळे म्हणाले, मांजर वांड आहे, परत पाठव.

त्या रात्री मी घमेल्यातली वाळू ओंजळीत घेऊन कंदिलाखाली पाहिली. निम्मे शिंपल्यांचे तुकडे. काही सुईसारखे टोकदार, काही पात्यासारखे पातळ. माझ्या तळहातालाही ते टोचत होते.

तेव्हा कुठे मी तिचे पंजे नीट पाहिले. मांजराचं नख आपल्यासारखं नसतं. आपलं नख बोटावर बसलेलं असतं, मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. ते पुन्हा येऊ नये म्हणून हाडच काढतात. म्हणजे पुढच्या दोन पंजांतली दहा पेरं सांध्यापासून छाटलेली असतात. त्यात मांजर चवड्यावर, बोटांवर भार देऊन चालणारा प्राणी. बोटांची टोकं गेली की भार पंजाच्या मागच्या गादीवर सरकतो, चाल बदलते आणि त्याचा ताण पुढे पाठीपर्यंत जातो. लिली जिना उतरताना थांबायची ती आळसाने नव्हे.

दापोलीच्या डॉक्टरांनी एकेक बोट हलकेच दाबून पाहिलं. डाव्या पंजाच्या दुसऱ्या बोटाला हात लागला तेव्हा ती ओरडली नाही. तिचे कान मागे गेले आणि तिने श्वास रोखून धरला. मांजर दुखणं असंच लपवतं. एक्स-रेसाठी तिला पुण्याला नेलं, तर त्या बोटाच्या टोकाशी तांदळाच्या कणीएवढं हाड राहिलेलं दिसलं. त्यातून नख वेडंवाकडं आतल्या आत वाढत होतं. किती वर्षं ती त्यावर चालत होती कोण जाणे.

हे काही लिलीचं एकटीचं दुर्दैव नव्हे. २०१७ मध्ये मांजरांच्या वैद्यकाला वाहिलेल्या एका नियतकालिकात २७४ मांजरांचा अभ्यास छापून आला. त्यातल्या निम्म्या मांजरांची नखं काढलेली होती आणि त्या निम्म्यांपैकी ६३ टक्क्यांच्या पंजात हाडाचे तुकडे राहिलेले सापडले. भलत्या जागी शू करणं, चावणं, पाठदुखी, हे सगळं त्यांच्यात कितीतरी जास्त होतं. भाच्याने आणि मी जे स्वभावाचे दोष धरले होते, ते तिथे दुखण्याची लक्षणं म्हणून मांडलेले होते.

म्हणून असं मांजर कुणी घेणार असेल तर माझं पहिलं सांगणं हे, की लळा लावण्याआधी एक्स-रे काढा. शू-शीच्या पेटीतली वाळू मऊ हवी. मी आता चहाच्या गाळणीएवढ्या बारीक चाळणीने नदीची रेती चाळते, गोड्या पाण्याने धुते आणि उन्हात वाळवते. पावसाळ्यात ते जमत नाही, तेव्हा वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या. ताज्या शस्त्रक्रियेनंतर तर कागदच बरा, कण जखमेत शिरत नाहीत. पेटीची कड बुटकी ठेवा, उडी मारायला लागू नये. शू भलतीकडे झाली तर मांजराला ओरडू नका, आधी वाळू बदला. तरी थांबली नाही तर डॉक्टरांकडे न्या. मूत्रमार्गाचा विकारही असू शकतो.

औषधाच्या बाबतीत मात्र हात जोडून सांगते. लंगडतंय म्हणून घरातली तापाची, अंगदुखीची गोळी मांजराला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. एक गोळीही जीव घेते. आयब्युप्रोफेनचंही तेच. मांजरांसाठीची वेदनाशामकं वेगळी असतात आणि त्यांचं प्रमाण वजनावर ठरतं. वजन आटोक्यात ठेवणं हाही पंजांवरचा उपचारच. आमच्याकडे मांदेली-बांगड्याला कमी नाही, त्यामुळे मांजर मासळीवरच वाढवायची सवय असते. कच्ची मासळी रोज दिली तर मांजरांत ब-१ जीवनसत्त्वाची उणीव होऊ शकते. मी उकडून, काटे काढून, थोडीच देते.

आणि बाहेर सोडू नका. हे भाच्याने सांगितलं होतं, पण मला वाटलं, गावचं मोकळं आगर आहे, काय होतंय. जिला चढता येत नाही आणि पंजा मारता येत नाही, तिच्यासाठी मोकळं आगर म्हणजे सापळा. आता पडवीला जाळी मारून घेतली आहे. लिली तिथून गडग्यावरच्या भारद्वाजाला बघत बसते.

मध्यंतरी पाजपंढरीची एक ओळखीची बाई आली. पर्यटकांसाठी तिच्या दोन खोल्या आहेत. बोक्याने नव्या सोफ्याच्या चिंध्या केल्या होत्या. "काकी, तुमच्या मांजरासारखी त्याची नखं काढून मिळतात का कुठे?" मी तिला लिलीचा एक्स-रे खिडकीत धरून दाखवला. इंग्लंडात ही शस्त्रक्रिया बेकायदा आहे, न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये ती बंद केली. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या ११व्या कलमात प्राण्याचा अवयव तोडणं हा गुन्हा आहे. सवलत आहे ती गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, वेसण अशा गोष्टींना. मांजराची नखं त्या यादीत नाहीत. पण कायद्याने तिचा सोफा वाचणार नव्हता, म्हणून मी तिला पोफळीचा हातभर सोट दिला आणि त्यावर काथ्याचा सुंभ घट्ट गुंडाळून कसा बांधायचा ते दाखवलं. मांजराला अंग ताणायला, नखावरचं जुनं टरफल काढायला काहीतरी खरबरीत लागतंच. सोट सोफ्याच्या शेजारीच उभा करायचा, कोपऱ्यात नाही, आणि तो हलता कामा नये. दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त पांढरी टोकं कापायची. आतली गुलाबी शीर दिसते, तिला धक्का लावायचा नाही. दोन वेळा मी कापून दिली, आता तिची मुलगी कापते.

तसाच एक सोट आमच्या पडवीत होता, आधीच्या मांजरीचा. हाडाचा तुकडा काढून लिली पुण्याहून परत आली, त्याला महिना झाला असेल. दुपारी मी सोलं वाळत घालत होते. ती त्या सोटापाशी गेली, मागच्या पायांवर उभी राहिली, दोन्ही पंजे वर टेकवून सगळं अंग ताणलं आणि काथ्यावरून पंजे खाली ओढले. आवाज काहीच नाही. सुंभाचा एक धागाही निघाला नाही. तिने पुन्हा ताणलं, पुन्हा ओढलं, आणि मग तिथेच उन्हात आडवी झाली. आता रोज करते.