मूल उशिरा बोलू लागते तेव्हा

पुणे शहराच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या काठी वसलेले मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आले. जुने वाडे, मळे आणि नव्या उंच इमारती येथे शेजारी शेजारी नांदत आहेत. घर कोणतेही असो, एक काळजी मात्र सारखीच असते : मूल दोन वर्षांचे झाले, सांगितलेले सारे त्याला कळते, पण ते बोलत नाही. अशा वेळी वडीलधारी माणसे धीर देतात, “याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला.” काही मुले उशिरा बोलू लागून पुढे बरोबरीने येतात, हे खरे आहे. परंतु आपले मूल त्यांपैकीच आहे, हे घरबसल्या ठरविता येत नाही.

वर्षाचे मूल हाक मारताच वळून पाहते. दीड वर्षाच्या सुमारास त्याला काही शब्द येतात. दोन वर्षांचे झाल्यावर ते ‘बाबा ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडू लागते. यात बरीच तफावत दिसली, मूल बोटाने दाखवून काही मागत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागले, तर थांबू नये. सर्वप्रथम श्रवणचाचणी करून घ्यावी. बहिरे मूलही पहिल्या काही महिन्यांत इतरांसारखेच हुंकारते. त्यामुळे त्याला ऐकू येत नाही, ही गोष्ट घरात लक्षात येत नाही. भांडे वाजविले की ते वळते, हा पुरावा पुरेसा नव्हे. भांड्याचा आवाज मोठा असतो, बोलण्याचा लहान. जिभेला वेखंड किंवा मध लावून बोल फुटत नाहीत; उलट वर्षाच्या आतील बाळाला मध देणे धोक्याचे आहे.

तपासणी झाली, तज्ज्ञांचा सल्ला मिळाला, तरी वाक्-उपचार तज्ज्ञाच्या सहवासात मूल आठवड्यातून फार तर तासभर असते. उरलेला सगळा वेळ ते घरात असते आणि म्हणूनच घरातील सरावाला मोठे मोल आहे. या सरावासाठी वेगळी खेळणी नकोत. मांजरीच्या उपबाजारातून आणलेली भाजी निवडायला बसताना मुलाला समोर घ्यावे. वाटाण्याची शेंग त्याच्या हाती द्यावी आणि म्हणावे, “शेंग. शेंग फोडू.” शेंग फुटली की, “दाणा! हिरवा दाणा.” दुसरी शेंग मात्र लगेच देऊ नये. हातात धरून, त्याच्या डोळ्यांकडे पाहत, मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे. मूल हात पुढे करील, ‘अं’ म्हणेल, कदाचित ‘शें’ म्हणेल. जे येईल ते मागणेच समजून शेंग द्यावी आणि पूर्ण शब्द आपण उच्चारावा. ‘आधी नीट म्हण, मग देईन’ अशी अट घालू नये. या दहा अंकांची शांतता पाळणे मोठ्या माणसांना सर्वांत अवघड जाते, कारण आपल्याकडे मुलावर माया करणारी आजी किंवा ताई त्याने मागण्याआधीच वाटी पुढे करते. मागावेच लागले नाही, तर ते बोलेल कशाला?

पाहुण्यांसमोर ‘हे काय? ते काय? बोल ना!’ ही जी परीक्षा चालते, ती बंदच करावी. प्रश्न कमी आणि सांगणे अधिक असावे. मूल ‘पापी’ म्हणाले, तर ‘पापी नाही, पाणी म्हण’ असे न टोकता “हं, पाणी. गार पाणी” म्हणावे; त्याच्या एका शब्दाला आपला एक जोडावा. मम्मं, भुभू, हम्मा, भुर्र हे आपल्या घरांतील जुने शब्द हसण्यावारी नेऊ नयेत. ओठ मिटून काढायचे म, ब, प हे ध्वनी मुलांना लवकर साधतात. र, ळ, ण यांना वेळ लागतो. ‘हम्मा’ हाही शब्दच आहे. तळहातावर बोट फिरवीत म्हणायच्या गाण्यात शेवटच्या शब्दाआधी थांबावे, म्हणजे ती रिकामी जागा मूल आपण होऊन भरू पाहते.

घरात कन्नड किंवा हिंदी आणि दारात मराठी, अशी कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. दोन भाषांमुळे वाचा खुंटत नाही. आईने तिला सहज येते त्याच भाषेत बोलावे. भ्रमणध्वनीवरील गाणी मात्र मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील बालकांना पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाहून अधिक दाखवू नये, असे सुचविले आहे.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडीतील बालकांची तपासणी होते. विकासातील विलंब हा तिचा एक भाग असून, पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण याच विषयांना वाहिलेली आहे. तपासणीस जाताना मूल कोणते शब्द बोलते, कोणते नुसते ओळखते आणि खुणेने काय मागते, याची आठवडाभराची टिपणे वहीत लिहून न्यावीत. अनोळखी खोलीत मूल बहुधा गप्पच बसते. तज्ज्ञाला त्या वहीचाच आधार होतो.